चित्रपुस्तकांचे मानकरी : प्रस्तावना

रँडॉल्फ कॅल्डिकॉट या इंग्रज चित्रकाराने १८८२ मध्ये एका जुन्या बडबडगीताचं चित्रपुस्तक केलं. गाण्याच्या शेवटी बशी चमचीला घेऊन पळून जाते, तिथे शब्द संपतात. कॅल्डिकॉटने त्यापुढे आणखी एक चित्र काढलं. बशी फुटून तिचे तुकडे जमिनीवर पडले आहेत आणि सुरी व काटा, म्हणजे चमचीचे आईवडील, तिला मधे घेऊन घरी चालले आहेत. गाण्यात या शोकांतिकेचा मागमूस नाही. ती फक्त चित्रात घडते, आणि वाचता न येणाऱ्या मुलाला ती मोठ्यांच्या आधी कळते. अमेरिकन चित्रकार मॉरिस सेंडॅक आधुनिक चित्रपुस्तकाची सुरुवात कॅल्डिकॉटपासून मानत असे, ते चित्राच्या याच स्वतंत्र बोलण्यामुळे.

प्रस्तुत संग्रह ज्या पुरस्कारांविषयी आहे ते या बोलण्याला दिलेले पुरस्कार आहेत. मुलांच्या पुस्तकातलं चित्र कथेचा निम्मा भार उचलतं, कधीकधी सगळाच उचलतं, ही गोष्ट मोठ्यांच्या जगाने फार उशिरा मान्य केली. ती मान्य करायला लावण्यात पुरस्कारांचा वाटा मोठा आहे. पदक आणि रक्कम यांच्यापेक्षाही, दरवर्षी काही जाणत्या माणसांना एका टेबलाभोवती बसून ‘हे चित्र इथे नेमकं काय करतंय?’ या प्रश्नावर वाद घालावा लागतो, हे मला या पुरस्कारांचं खरं काम वाटतं. संग्रहातले लेख ग्रंथपालांनी, शिक्षकांनी आणि चित्रकारांनी लिहिले आहेत. ते वाचताना हा वाद सतत ऐकू येतो.

सुरुवात छापखान्यात झाली. लंडनचा मुद्रक एडमंड इव्हान्स लाकडी ठशांवरून रंगीत छपाई करायचा आणि मुलांसाठीची स्वस्त पुस्तकंही ओबडधोबड असू नयेत असा त्याचा आग्रह होता. वॉल्टर क्रेन, केट ग्रीनअवे आणि कॅल्डिकॉट हे तिघेही त्याच्याकडे काम करत. क्रेनचा जन्म १८४५ चा, उरलेल्या दोघांचा १८४६ चा. कॅल्डिकॉट आधी बँकेत कारकून होता. १८७८ पासून तो इव्हान्ससाठी दर नाताळला दोन चित्रपुस्तकं करू लागला आणि १८८६ मध्ये, वयाची चाळिशी गाठण्याआधीच, फ्लोरिडात वारला. ग्रीनअवेच्या पहिल्या पुस्तकाच्या इव्हान्सने एकदम २०,००० प्रती छापल्या तेव्हा प्रकाशकाला तो वेडेपणा वाटला होता. प्रती भराभर संपल्या. पुढच्या शतकात कॅल्डिकॉट आणि ग्रीनअवे यांच्या नावांनी अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये चित्रांचे सर्वांत मानाचे पुरस्कार उभे राहिले.

अमेरिकेतला पुरस्कार आधीचा. फ्रेडरिक मेल्चर हा प्रकाशनव्यवसायातला माणूस. त्याच्या प्रयत्नांतून १९२२ पासून बालसाहित्याचं न्यूबेरी पदक दिलं जात होतं, पण ते लेखकाला मिळायचं. चित्रकार बाहेरच राहायचा. म्हणून १९३७ मध्ये त्याने दुसरं पदक सुचवलं आणि १९३८ मध्ये डोरोथी लेथ्रॉप पहिल्या कॅल्डिकॉट पदकाच्या मानकरी ठरल्या. रने शॅम्बेलन या शिल्पकाराने घडवलेल्या या पदकावर कॅल्डिकॉटच्याच चित्रातला, घोडा उधळलेला जॉन गिल्पिन आहे.

या पदकाची सूत्रं अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या बालविभागाकडे, म्हणजे रोज मुलांना पुस्तकं देणाऱ्या ग्रंथपालांकडे आहेत, आणि त्यामुळे त्याचा स्वभाव घडला आहे. पंधरा जणांची समिती वर्षभर पुस्तकं वाचते, दर वर्षी समिती बदलते, चर्चा गुप्त राहते. निकष थोडे आणि स्पष्ट आहेत : तंत्रावरची पकड, कथेचा चित्रातून लावलेला अर्थ, शैली विषयाला साजेशी आहे की नाही, पात्रं आणि वातावरण चित्रांतून किती उभं राहतं, आणि या सगळ्यात बालवाचकाची जाण. त्यात एक वाक्य असंही आहे की हा पुरस्कार उपदेशाच्या हेतूसाठी नाही आणि लोकप्रियतेसाठीही नाही. मुलांच्या पुस्तकातून ‘काय शिकायला मिळतं’ हा आपल्याकडे पहिला प्रश्न असतो. म्हणून मराठी वाचकाने या वाक्यापाशी जरा थांबावं असं मला वाटतं. चर्चेची गुप्तता मात्र मला खटकते. इतका कसून घातलेला वाद बाहेर येत नाही, हे नुकसान आहे. विजेत्यांची स्वीकृतीची भाषणं ‘हॉर्न बुक’ या नियतकालिकात छापली जातात. चित्रकार पानाचा, कोऱ्या जागेचा, पान उलटण्याच्या क्षणाचा विचार कसा करतो हे समजून घ्यायला त्यांच्यासारखं दुसरं साधन नाही.

पुरस्काराने काही वेळा काळाच्या पुढे पाऊल टाकलं. १९६३ चं पदक एझ्रा जॅक कीट्स यांच्या ‘द स्नोई डे’ला मिळालं. लाल कपड्यांतला पीटर हा काळा मुलगा बर्फात एकटा खेळतो, बर्फाचा गोळा खिशात घालून घरी आणतो, तो विरघळतो. एवढीच गोष्ट. कीट्स हे पोलंडहून आलेल्या ज्यू आईवडिलांचे चिरंजीव. एका लहान काळ्या मुलाची, ‘लाइफ’ साप्ताहिकातून कापलेली छायाचित्रं त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ जपून ठेवली होती. पीटर तिथून आला. कागदाच्या आणि कापडाच्या तुकड्यांनी केलेली ती पानं आजही ताजी वाटतात. त्या वेळी अमेरिकन बालपुस्तकांत काळी मुलं जवळपास नव्हतीच. नॅन्सी लॅरिक यांनी १९६२ ते १९६४ या तीन वर्षांतली पाच हजारांहून अधिक पुस्तकं तपासून १९६५ मध्ये लिहिलं की त्यांपैकी फक्त ६.७ टक्के पुस्तकांत काळी व्यक्ती दिसते. एक पदक ही स्थिती बदलू शकत नव्हतं. १९७४ पासून कोरेटा स्कॉट किंग यांच्या नावाचा पुरस्कार काळ्या चित्रकारांना दिला जाऊ लागला, तो या अपुरेपणामुळेच. कॅल्डिकॉट पदक पहिल्यांदा मूळनिवासी चित्रकाराला मिळायला २०२१ साल उजाडलं. त्या मिकेला गोड.

‘द स्नोई डे’च्या पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, सेंडॅकच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ला पदक मिळालं. आईवर चिडलेला मॅक्स राक्षसांच्या बेटावर जातो तसतशी चित्रं पानभर वाढत जातात, शब्द मागे हटतात, मग परत येताना चित्रं आक्रसतात. मुलं घाबरतील अशी ओरड झाली. ब्रूनो बेटलहाइम या नामवंत मानसतज्ज्ञाने तर पुस्तक न वाचताच त्यावर टीका केली. समितीने मुलांच्या रागावर आणि भीतीवर विश्वास ठेवला होता, आणि ती बरोबर होती.

याच यादीत आपल्या घरातली एक गोष्टही आहे. १९६२ ची मानकरी मार्शिया ब्राउन. तिचं ‘वन्स अ माउस’ हे हितोपदेशातल्या ऋषी आणि उंदराच्या गोष्टीवर बेतलेलं आहे. उंदराचा मांजर, मांजराचा कुत्रा, कुत्र्याचा वाघ, आणि माजलेल्या वाघाचा पुन्हा उंदीर. तिने ती लाकूड कोरून छापली आणि मोजक्याच रंगांत वाघाचा अहंकार उभा केला. ही गोष्ट मराठी पाठ्यपुस्तकांतून आपण कितीदा वाचली असेल. तिच्या चित्रांविषयी मात्र कुणी दोन वाक्यं लिहिल्याचं आठवत नाही.

ब्रिटनमधलं केट ग्रीनअवे पदक १९५५ मध्ये जाहीर झालं, पण त्या वर्षी लायक पुस्तकच नाही म्हणून ते दिलं गेलं नाही. माझ्या मते नव्या पुरस्काराची यापेक्षा चांगली सुरुवात नसेल. १९५६ साठी ते एडवर्ड आर्डिझोनी यांना मिळालं. पुढे ऑफसेट छपाईने रंग मोकळे केले आणि १९६२ मध्ये ब्रायन वाइल्डस्मिथ, १९६३ मध्ये जॉन बर्निंगहॅम यांच्यासारख्या तरुण चित्रकारांनी पानभर रंग ओतला. पुढे शाळांमधले वाचनगट समितीसोबतच नामांकित पुस्तकं वाचू लागले, वाद घालू लागले, स्वतःची निवड करू लागले. पुरस्कार मुलांच्या हातात नेण्याचा हा सर्वांत सरळ मार्ग आहे. २०२३ पासून या पदकाचं नाव कार्नेगी चित्रपदक असं झालं आहे. जॉन क्लासनच्या ‘धिस इज नॉट माय हॅट’ला २०१३ मध्ये अमेरिकेचं आणि २०१४ मध्ये ब्रिटनचं पदक मिळालं. एकाच पुस्तकाने दोन्ही मिळवण्याची ती पहिलीच वेळ. त्यात चोर मासा आपण पकडले जाणार नाही असं सांगत राहतो आणि चित्र पानोपानी त्याला खोटं पाडतं.

युरोपातली वाट वेगळी आहे. येल्ला लेपमन ही जर्मन ज्यू पत्रकार नाझी राजवटीत लंडनला पळाली आणि युद्ध संपल्यावर परतली. उद्ध्वस्त म्युनिकमध्ये १९४६ साली तिने देशोदेशींची बालपुस्तकं मागवून प्रदर्शन भरवलं. १९४९ मध्ये आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय आणि १९५३ मध्ये झुरिकला इबी, म्हणजे बालपुस्तकांसाठीचं आंतरराष्ट्रीय मंडळ, उभं केलं. मुलांची पुस्तकं देशांमधलं वैर कमी करतील अशी तिची श्रद्धा होती. या मंडळाचा हान्स क्रिश्चन अँडरसन पुरस्कार लेखकांना १९५६ पासून आणि चित्रकारांना १९६६ पासून दिला जातो. तो एका पुस्तकाला न देता आयुष्यभराच्या कामाला दिला जातो. चित्रकारांचा पहिला स्वित्झर्लंडच्या आलोइस कारिजिएत यांना, १९६८ चा चेक चित्रकार आणि बाहुलीपटकार यिर्झी त्रन्का यांना, १९७० चा सेंडॅकला.

१९६७ मध्ये तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लावात चित्रांचं द्वैवार्षिक प्रदर्शन सुरू झालं. तिथे परीक्षक मूळ चित्रं पाहतात. साम्यवादी राजवटीत जाहीर चित्रकलेवर बंधनं होती तेव्हा पूर्व युरोपातल्या अनेक उत्तम चित्रकारांना बालपुस्तकांत मोकळा श्वास घेता आला. त्यांची प्रयोगशील, कधीकधी गूढ चित्रं या प्रदर्शनाने जगासमोर आणली. पहिला सर्वोच्च पुरस्कार मात्र जपानच्या यासुओ सेगावा यांना मिळाला. इटलीतल्या बोलोन्याच्या बालपुस्तक जत्रेत, जी १९६४ पासून भरते, कागद, बांधणी, अक्षररचना यांसकट पुस्तक ही एक वस्तू म्हणून पारखली जाते.

म्हणजे चित्र कुठे पाहायचं यावरच मतभेद आहे : भिंतीवर, हातातल्या पुस्तकात, की मुलाच्या मांडीवर? माझा कल ग्रंथपालांकडे आहे. भिंतीवर लावलेलं चित्र कितीही देखणं असलं तरी पुढच्या पानाची हुरहुर त्यात उरत नाही, आणि चित्रपुस्तकाचा जीव त्या हुरहुरीत असतो. तरीही ब्रातिस्लावा नसतं तर चित्रपुस्तकाची भाषा फार लवकर गोड आणि गुळगुळीत झाली असती, हेही तितकंच खरं. या संग्रहात दोन्ही बाजूंचे लेख आहेत आणि संपादकांनी त्यांच्यात तडजोड घडवलेली नाही, याचा मला आनंद आहे.

आशियाचा अध्याय इराणपासून वाचावा. तेहरानच्या ‘कानून’ या संस्थेसाठी फर्शीद मेस्घाली यांनी समद बेहरंगींच्या ‘छोट्या काळ्या माशा’ची चित्रं १९६८ मध्ये केली. ओढ्यातून समुद्राकडे निघालेल्या बंडखोर माशाची ही गोष्ट. १९६९ मध्ये बोलोन्या आणि ब्रातिस्लावा या दोन्ही ठिकाणी ती गौरवली गेली, आणि १९७४ मध्ये मेस्घाली अँडरसन पुरस्कार मिळवणारे पहिले आशियाई चित्रकार ठरले. एका सार्वजनिक संस्थेने चित्रकारांना पगार, कागद आणि मोकळीक दिली की काय होतं, याचं ते उदाहरण आहे. जपानमधून सुएकिची आकाबा १९८० मध्ये, मित्सुमासा आन्नो १९८४ मध्ये आणि कोरियातून सूझी ली २०२२ मध्ये त्याच मानाला पोचले. २०२४ पर्यंतच्या यादीत भारतीय चित्रकार नाही.

आपल्याकडे चित्रं नव्हती असं नाही. कोलकात्यात उपेंद्रकिशोर राय यांनी हाफटोन छपाईवर स्वतः संशोधन केलं आणि १९१३ मध्ये ‘संदेश’ हे मुलांचं मासिक काढलं. दिल्लीत शंकर पिल्ले यांनी १९५७ मध्ये चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट उभा केला, त्याच वर्षी नॅशनल बुक ट्रस्टही आला. मराठी घरांत ‘चांदोबा’तल्या विक्रम-वेताळाची प्रतिमा शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन, यांच्या ब्रशने कायमची कोरली. पद्मश्री त्यांना २०२१ मध्ये, मरणोत्तर, मिळाली. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं आहे आणि मराठीतले कितीतरी चित्रकार त्याच्या पानांवर वाढले. चेन्नईच्या तारा बुक्सने आदिवासी चित्रकारांना पुस्तकाचे कर्ते म्हणून मुखपृष्ठावर जागा दिली. भज्जू श्याम, दुर्गाबाई व्याम आणि रामसिंग उर्वेती या गोंड चित्रकारांच्या ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ला २००८ मध्ये बोलोन्याचा पुरस्कार मिळाला. काळ्या कागदावर एकेक रंग हाताने छापलेलं ते पुस्तक आहे. रमेश हेंगडी आणि शांताराम धडपे या आपल्या वारली चित्रकारांनी ताराच्याच ‘डू!’मध्ये क्रियापदांचं चित्रपुस्तक केलं. शब्दांतल्या क्रिया तिथे आकृत्यांच्या कमरेत आणि गुडघ्यांत उतरलेल्या दिसतात. मराठी शाळांत ते पोचायला हवं होतं.

मराठीतली अडचण पुरस्कारांच्या रचनेत आहे. राज्य शासनाचे बालवाङ्मय पुरस्कार कविता, कथा, कादंबरी, नाटक अशा साहित्यप्रकारांनुसार दिले जातात. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून आहे, तोही लेखकाला. माधुरी पुरंदरे यांना तो २०१४ मध्ये मिळाला. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात आणि पुढे पॅरिसमध्ये शिकलेल्या या चित्रकर्तीने ‘राधाचं घर’सारख्या पुस्तकांत मध्यमवर्गीय मराठी घरातली बारीकसारीक हालचाल जितक्या नेमकेपणाने रेखाटली आहे, तितक्याच नेमकेपणाने लिहिली आहे. टाटा ट्रस्टच्या ‘पराग’ उपक्रमाने २०१६ मध्ये ‘बिग लिटल बुक’ पुरस्कार सुरू केला, तेव्हा एका भारतीय भाषेतला लेखक आणि सर्व भाषांतला एक चित्रकार असे दोन वेगळे मान ठेवले. पहिल्याच वर्षी मराठीची निवड झाली. लेखनाचा मान पुरंदरेंना आणि चित्रांचा अतनु रॉय यांना मिळाला. चित्रकाराला लेखकाच्या बरोबरीने वेगळी खुर्ची देणारा असा राष्ट्रीय पुरस्कार सुरू व्हायला एकविसाव्या शतकाची पंधरा वर्षं उलटावी लागली.

आता हा विषय तातडीचा का, तेही सांगतो. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयाला पायाभूत टप्पा मानल्यापासून अंगणवाड्या आणि शाळांसाठी चित्रपुस्तकांची खरेदी होऊ लागली आहे. खरेदी करणाऱ्यासमोर किंमत असते, पानांची संख्या असते. चित्र पारखण्याची फूटपट्टी नसते. त्यातच संगणकाला चार शब्द सांगून मिनिटभरात चकचकीत चित्र मिळतं. अशा पुस्तकात मुलाच्या शर्टाची बटणं पानागणिक बदलतात, आजीचं लुगडं कुठल्याच गावचं नसतं, आणि शब्दांनी सांगितलेलंच चित्र पुन्हा सांगतं. हे कमअस्सल आहे असं नुसतं म्हणून भागणार नाही. का कमअस्सल आहे ते दाखवता आलं पाहिजे, आणि ते दाखवण्याची सवय पुरस्कारसमित्यांनी ऐंशीहून अधिक वर्षं केलेली आहे.

या पुरस्कारांच्या मर्यादाही संग्रहात झाकलेल्या नाहीत. निवड मोठी माणसं करतात आणि त्यांना भव्य, भारदस्त चित्रं भुरळ घालतात. तान्ह्या मुलांची जाड पुठ्ठ्याची पुस्तकं याद्यांत क्वचितच सापडतात. आंतरराष्ट्रीय परीक्षकांना मूळ भाषा येत नसते, त्यामुळे शब्दांशी खेळणारं चित्र त्यांच्या हातून निसटतं. छोट्या प्रकाशकाला प्रती परदेशी पाठवण्याचा खर्चही झेपत नाही.

संपादकांनी विजेत्यांची जंत्री टाळली आहे. प्रत्येक लेखकाला एकच पुस्तक समोर ठेवून पानापानाने वाचायला सांगितलं, आणि ते ज्या समितीने निवडलं तिचे निकष शेजारी ठेवायला सांगितले. काही लेखकांनी समितीशी मतभेद नोंदवले आहेत, ते तसेच ठेवले आहेत. चित्रकथा आणि ग्राफिक कादंबऱ्या वगळल्या आहेत. त्यामुळे दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यावर चितारलेलं ‘भीमायन’ इथे नाही. तो निर्णय मला पटलेला नाही, कारण गोंड परंपरेतली चौकटी मोडणारी पानं चित्रपुस्तकाच्या चर्चेत आणण्याची ती उत्तम संधी होती.

मराठीत असा पुरस्कार कुणी सुरू करणार असेल तर या संग्रहातून त्याची घटना तयार करता येईल. समितीत एक चित्रकार, एक बालवाडीताई, एक ग्रंथपाल आणि छपाई जाणणारी एक व्यक्ती असावी. नामांकित पुस्तकं निकालाआधी सहा महिने जिल्हा ग्रंथालयांत आणि निवडक शाळांत ठेवावीत. निवडीची कारणं मराठीत, चित्रांसकट, छापून प्रसिद्ध करावीत. आणि एखाद्या वर्षी लायक पुस्तक नसेल तर तसं जाहीर करून पुरस्कार राखून ठेवावा.